तिसरी ओळ

रोम,
१२ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप एवारिस्तोकाका यांस,
ओर्तेन्सियाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काकूनं पाठवलेलं चीज मिळालं. वसतिगृहाच्या थोरल्या सिस्टरनी पार्सल नाकाशी नेलं आणि आत काही मेलंय का, असं विचारलं. मी त्यांना एक तुकडा कापून दिला. तेव्हापासून त्या रोज माझी विचारपूस करतात. काकूला म्हणावं, पुढच्या खेपेला जरा मोठा गोळा पाठव, आता आम्ही दोघी खाणाऱ्या आहोत.

आता कामाचं. माझ्या प्रबंधाचा विषय ठरला. आमच्या मालागुतीबाई रोमच्या बादशहांचा इतिहास शिकवतात, पण त्यांची तऱ्हा निराळी आहे. पहिल्याच तासाला त्यांनी आमची पाठ्यपुस्तकं मिटायला लावली. म्हणाल्या, हे सगळं कुणीतरी कुणाचं तरी वाचून लिहिलेलं आहे. तुम्ही त्या काळातलं जे उरलंय ते वाचा. दगड वाचा, नाणी वाचा, पत्रं वाचा, हुकूमनामे वाचा. आणि समोर काहीही आलं तरी तीन प्रश्न विचारा. हे सांगतंय कोण, त्याला ते ठाऊक कसं, आणि सांगण्यात त्याचा फायदा काय. वर्गात आता हा चेष्टेचा विषय झालाय. खानावळीत कुणी सूप बरं झालंय म्हणालं तरी आम्ही त्याला हे तीन प्रश्न विचारतो.

मी डोमिशियन बादशहा घेतला. त्याचा खून झाला आणि सिनेटनं हुकूम काढला, की याचं नाव जिथं जिथं कोरलं असेल तिथून खरवडून टाका. साऱ्या मुलुखात पाथरवट छिन्न्या घेऊन निघाले. आजही दगडांवर त्या नावाच्या जागी नुसता खड्डा दिसतो. आणि आपल्या चौकातल्या कारंज्याच्या दगडावर ते नाव तिसऱ्या ओळीत जसंच्या तसं आहे. दरवर्षी संत दोनातोच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या अक्षरांत शेंदूर भरता, आणि जत्रेला इयोलेबाई ती गावाला मोठ्यानं वाचून दाखवतात. मला पहिलं लॅटिन त्यांनीच शिकवलं, तेही त्याच दगडापुढे. तेव्हा हे कधी डोक्यातच आलं नाही. आपल्या लोकांनी हुकूम मानला नाही, काका. का मानला नाही, हाच माझा प्रबंध.

इयोलेबाईंचे वडील, फिलिबेर्तोमास्तर, यांनी त्या दगडावर लिहिलेला लेख मी इथल्या ग्रंथालयात वाचला. दगड १९३३ साली सापडला, एवढंच त्यात आहे. तुम्ही तेव्हा एकवीस वर्षांचे, आणि गावात पाथरवट तुम्ही एकटेच. तुम्हाला काय काय आठवतं ते सगळं कळवा. ईस्टरला येईन तेव्हा ओल्या कागदानं दगडाचा ठसा घ्यायचा आहे, तेव्हा बादली धरायचं काम तुमच्याकडे.

गुडघा थंडीत उघडा टाकू नका. काकूला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू द्या.

तुमची,
ओर्तेन्सिया


रोक्कासाल्विया,
२६ फेब्रुवारी १९७९

चि. ओर्तेन्सिया हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे दोन हात बर्फ पडलंय आणि तुझी काकू सकाळपासून ते माझ्याच चुकीनं पडल्यासारखं बोलते आहे. मोठा गोळा पाठवायचा तर मेंढीला तसं कळवावं लागेल, असं तिचं म्हणणं. तरी तिनं एक बाजूला काढून ठेवलाय, तू लक्ष देऊ नकोस.

तुझ्या बाईंचे तीन प्रश्न मी तुझ्या झेलिंदाकाकूला विचारून पाहिले. ती म्हणाली की मसूर करपलेत. सांगतंय कोण, विचारलं तर म्हणाली, मी. मी विचारलं, तुला ठाऊक कसं आणि सांगण्यात तुझा फायदा काय. मला त्या दिवशी करपलेलेच मसूर मिळाले. तेव्हा ही विद्या घरात वापरायची नाही हे तुझ्या बाईंना कळव.

दगडाबद्दल काय सांगू? धुण्याच्या हौदाच्या कडेला तो पालथा पडलेला होता. बायका त्यावर कपडे आपटत. हौद नवा करायला काढला, दगड उलटा केला तर खाली अक्षरं. मग मास्तरांनी वाचलं, चौकात बसवलं, लेख लिहिला. सगळं त्या लेखात आहे. मला शिकलेल्या माणसांइतकं काही आठवत नाही.

एक सुचवू का? जुन्या गिरणीच्या वाटेवर पुलाजवळ एक थडग्याचा दगड आहे. त्यावर एका बाईनं आपल्या नवऱ्याला काय काय लिहिलंय म्हणे. अक्षर आपल्या दगडाहून सुरेख आहे आणि कुणी त्यावर अजून लिहिलेलंही नाही. बादशहांची तुला कशाला पडली आहे, मेले ते. त्या बाईवर लिही.

तुझा बाप ओत्ताव्हियो असता तर त्यानं गावभर सांगितलं असतं, की माझी पोरगी रोममध्ये दगड वाचते. त्याच्या वाटचं मी सांगतो, पण मला त्याच्यासारखी फुशारकी जमत नाही. जेवणाची हेळसांड करू नको. लोभ आहे तो दूर राहून कमी करू नये.

काका


रोम,
२९ एप्रिल १९७९

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

ईस्टरचे चार दिवस कसे गेले ते कळलं नाही. ठसा इथवर नीट आला. बसमध्ये मी तो मांडीवर उभा धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं की कुणाचं चित्र आहे का, मी म्हटलं, बादशहाचं. ती सरकून बसली.

काका, तुम्हाला त्या दिवशी झालं होतं तरी काय? मी ब्रशनं ओला कागद दगडावर थोपटत होते आणि तुम्ही शेजारी बादली धरून असे उभे, की जशी एखादी मयत निघाली आहे. इयोलेबाईसुद्धा म्हणाल्या, की एवारिस्तोला आता वय झालं. त्यांना मात्र किती आनंद झाला होता. वडिलांच्या लेखावर विद्यापीठात प्रबंध होतोय म्हणून त्यांनी ठेवणीतली द्राक्षाची दारू काढली. माझ्या हातात ग्लास देताना त्यांचे डोळे भरून आले, म्हणाल्या की बाबांचं नाव गावाबाहेर कधी गेलंच नाही, ते तू नेतेस.

आता मुख्य गोष्ट. वाळलेल्या ठशावर जे दिसतं ते दगडावर उन्हात दिसत नव्हतं. तिसरी ओळ बाकीच्या ओळींपेक्षा खाली बसली आहे. फार नाही, दोन जवांइतकी. आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक समांतर रेघा आहेत, कंगवा फिरवावा तशा. मी विचार करकरून असं मांडलंय, की बादशहाचं नाव उठून दिसावं म्हणून पाथरवटानं त्या ओळीला मुद्दाम खोलगट चौकट दिली आणि कडेला नक्षी केली. म्हणजे गावाला हा बादशहा खरोखर प्रिय होता. त्यानं पाणी आणून दिलं होतं, शेवटच्या ओळीत तसं लिहिलंच आहे. म्हणून त्यांनी नाव खरवडलं नाही.

मालागुतीबाई सहसा कुणाची पाठ थोपटत नाहीत. पण ठसा खिडकीशी नेऊन पाहिला आणि त्या म्हणाल्या, की असं दुसरं उदाहरण त्यांच्या पाहण्यात नाही, परीक्षा झाली की हे छापायला द्यायचं. परीक्षा ११ जुलैला आहे. माझी झोपच उडाली आहे, पण ती आनंदानं.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. पुस्तकवाल्यांना नाही, हातात छिन्नी धरणाऱ्याला विचारते आहे. मधलीच एक ओळ खाली बसवायची, असं पाथरवट कधी करतो का? तुमचं उत्तर मी तुमच्या नावानं तळटीपेत घालणार आहे. तेवढं लवकर कळवा. आशीर्वाद असू द्या, आणि रागावला असलात तर का ते तरी सांगा.

तुमची,
ओर्तेन्सिया


रोक्कासाल्विया,
२० मे १९७९

चि. ओर्तेन्सियास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चारदा लिहिलं आणि चारदा चुलीत घातलं. हे पाचवं. झेलिंदा म्हणते, कागद संपले की लिहिशील काय, आता पाठव. म्हणून पाठवतो.

तू विचारलंस, पाथरवट असं कधी करतो का. नाही करत. मधली ओळ खाली बसते ती एकाच कारणानं. तिथं आधी जे होतं ते कुणीतरी खरवडून काढलेलं असतं. आणि त्या खोलगट जागेत आज जी अक्षरं आहेत ती रोमन पाथरवटाची नाहीत, ओर्ते. ती माझी आहेत.

सांगतो कसं झालं ते. दगड उलटा केला तेव्हा तिथं आम्ही चौघं होतो. मास्तर, मी, आणि दोघं मजूर, ते दोघंही लढाईत गेले. पहिल्या दोन ओळी स्वच्छ होत्या, चौथी पाचवीही. तिसरीच्या जागी पट्टाच्या पट्टा खरवडलेला. मास्तरांनी चौथी ओळ वाचली, पंधरा वेळा कॉन्सुल झालेला, आणि म्हणाले की एवढ्या वेळा ते सर्वोच्च पद भोगलेला आणि नाव पुसलेला हा डोमिशियनच, दुसरा कुणी असूच शकत नाही. नाव त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते तसे हुशार होते.

पण ते दिवस काळ्या सदऱ्यांचे, फॅसिस्ट राजवटीचे. आठ दिवसांवर जत्रा, आणि जत्रेला जिल्ह्याहून पक्षाचा मोठा अधिकारी यायचा होता. जिकडेतिकडे रोमन बादशहांचा उदोउदो चाललेला. नगरप्रमुखानं निरोप पाठवला, की बादशहाचा दगड सापडलाय आणि त्यावर बादशहाचंच नाव नाही, हे त्या माणसाला कसं दाखवायचं. मास्तर संध्याकाळी माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी अक्षरं काढली होती. म्हणाले, आपण खोटं काही लिहीत नाही, जे होतं तेच परत ठेवतोय. जत्रा झाली की लेखात तसं स्पष्ट सांगतो. मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला माझ्या हाताचा गर्व होता. रोमन अक्षरांच्या शेजारी माझी अक्षरं ओळखू येणार नाहीत, हे मला करून दाखवायचं होतं. खरं कारण ते. नगरप्रमुखाच्या धाकापेक्षा ते मोठं होतं.

मी आधी त्या पट्ट्यावरून बोटं फिरवली. ज्यानं खरवडलं होतं त्यानं वरवर खरवडलं होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटांना अक्षरांचे तळ लागत होते. सगळे नाही, दोन अक्षरं पार गेली होती. मग मी दातेरी छिन्नी घेतली आणि तो पट्टा सपाट केला, नवीन अक्षरं बसावीत म्हणून. जुनं जे काही उरलं होतं ते मीच संपवलं. तू ज्याला कंगव्याची नक्षी म्हणतेस ते माझ्या छिन्नीचे दात आहेत, टोकांना घासून काढायचे राहिले. नीट बघ, एका दाताची रेघ गाळलेली असेल. छिन्नीचा तिसरा दात तुटका होता. छिन्नी अजून माझ्या पेटीत आहे.

जत्रेला तो अधिकारी आला, टाळ्या वाजल्या. मास्तरांनी लेख लिहिला त्यात खरं काय ते घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, पुढच्या लेखात. पुढचा लेख झालाच नाही. एकसष्ट साली ते जाण्याआधी मला बोलावून म्हणाले, की इयोलेला हे कळू देऊ नको, तिच्याकडे माझं दुसरं काही नाही, एवढा अभिमानच आहे. मी शब्द दिला. अठरा वर्षं तो पाळला. आज मोडतो आहे, कारण तुझ्या नावानं हे छापून यावं आणि कुणा परक्यानं उद्या ते उघडं पाडावं, हे मला सोसणार नाही.

अजून एक सांगतो आणि संपवतो. चव्वेचाळीस साली लढाईची आघाडी आपल्या गावावरून पुढे सरकली तेव्हा मला सांगण्यात आलं, की शाळेच्या दारावरचं पक्षाचं चिन्ह, ती काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, खरवडून टाक. ते तेहतीस साली मीच कोरलं होतं. मी खरवडलं, पण वरवर. कधी आलीस तर हात फिरवून बघ, कुऱ्हाडीचं पातं अजून लागतं. मला ते लोक काही प्रिय नव्हते. पण आपल्या हातचं काम आपल्याच हातानं मोडताना हात पुरा चालत नाही. म्हणून मला वाटतं, तो जुना पाथरवटही माझ्यासारखाच असावा. नाव त्यानंच कोरलेलं, आणि पुसायलाही त्यालाच पाठवलेलं.

फेब्रुवारीतच हे लिहायला हवं होतं. भ्यालो. इयोलेला भ्यालो, आणि त्याहून तुला. तू काय म्हणशील याची धास्ती आहे, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. जमेल तर लोभ ठेव.

तुझा काका


रोम,
३ जून १९७९

तीर्थरूप काकांस नमस्कार.

पत्र पोचलं. ठसा उजेडात धरून पाहिला. रेघ गाळलेली आहे, दर सहा रेघांनी.

ईस्टरला तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. माझे हात ओल्या कागदाच्या लगद्यानं भरलेले होते आणि मी तुम्हाला म्हणत होते, की बघा, आपली माणसं किती ताठ कण्याची होती. तुम्ही मान डोलावलीत. एकशे चाळीस पानं मी त्या मान डोलावण्यावर लिहिली.

मला आत्ता याहून जास्त लिहिता येणार नाही. काकूला सांगा, मी जेवते आहे.

ओर्तेन्सिया


रोक्कासाल्विया,
१८ जून

ओर्ते बाळ, झेलिंदाकाकूचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे, चुका काढत बसू नकोस. त्यानं लिहू नकोस म्हटलंय म्हणून लिहिते आहे. पंधरा दिवस झाले, हा माणूस पोस्टमनची गाडी वाजली की अंगणात जातो आणि हात हलवत परत येतो. वर मला म्हणतो, कोंबड्या बघायला गेलो होतो. आपल्याकडे कोंबड्या आहेत का? तीन वर्षांपूर्वी कोल्ह्यानं नेल्या.

तू रागावलीस ते बरोबरच. मीही रागावले होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि मला हे एकसष्ट साली कळलं, मास्तर गेले त्या रात्री, तेही तो रडला म्हणून. पण त्याला पत्र लिहिताना मी पाहिलंय. एवढा मोठा माणूस, चर्चच्या शिखरावर चढून दगड बसवणारा, एका कागदापुढे घाम पुसत होता. तुझे आईबाप गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुला तो खांद्यावर घेऊन कामावर जायचा, तुझ्या तोंडात धूळ जायला नको म्हणून तुझ्या तोंडाला रुमाल बांधायचा, तुला आठवत नसेल.

या पार्सलात चीज आहे, आणि चिजाखाली फडक्यात ती छिन्नी आहे. त्यानं ती आठवडाभर तेल लावून टेबलावर ठेवली होती. त्याला न विचारता पाठवते आहे. तुला उपयोग असेल तर कर, नसेल तर नदीत टाक, पण त्याला दोन ओळी लिही. चीज सिस्टरनाही दे.

काकू


रोम,
२ जुलै १९७९

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी हे सांगते, की मी आता रागावलेली नाही. महिनाभर होते, आणि रागावले ते खोटं बोललात म्हणून नाही, तर मला एकटीला त्या दगडापुढे नाचू दिलंत म्हणून. ते आता संपलं.

छिन्नी मिळाली. मी ती ठशावर ठेवली. दात रेघांत बसले. तुटक्या दाताची जागा रिकाम्या जागेवर आली. मग मी छिन्नी, ठसा आणि तुमचं पत्र घेऊन मालागुतीबाईंकडे गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं आता म्हणतील, की विषय बदल आणि दोन वर्षांनी ये. त्या म्हणाल्या, की तुला जे शिकवलं ते करून दाखव. सांगतंय कोण? दगड पालथा होता तेव्हापासून तो पाहिलेला एकमेव जिवंत माणूस. त्याला ठाऊक कसं? त्यानं स्वतःच्या बोटांनी चाचपलं आणि स्वतःच्या हातानं कोरलं. सांगण्यात त्याचा फायदा काय? मी म्हटलं, काही नाही. शेजारीण तुटेल, गावात मान जाईल, पुतणीचं वर्ष जाईल, त्याचा सगळा तोटाच आहे. बाई म्हणाल्या, मग हे साधन भक्कम आहे. आणि एका साक्षीदारावर त्या कधी विसंबत नाहीत, पण दुसरा साक्षीदार माझ्या हातात होता, सहा दातांचा.

तर ११ जुलैला मी बसत नाही. प्रबंध नव्यानं लिहायचा, नोव्हेंबरात परीक्षा. जुनी एकशे चाळीस पानं मी खालच्या भट्टीत टाकली आणि सिस्टरनी विचारलं, कोण मेलं, तेव्हा म्हटलं, एक नक्षी. आता विषय असा आहे, की एकाच दगडावर एक नाव कोरलं गेलं, हुकुमावरून पुसलं गेलं आणि साडेअठराशे वर्षांनी दुसऱ्या हुकुमावरून परत कोरलं गेलं. पुसणारा हात अर्धाच चालला होता, हे तुमच्या बोटांशिवाय जगात कुणाला कळलं नसतं. तो पाथरवट तुमच्यासारखाच असेल, हे मात्र बाई मजकुरात घेऊ देत नाहीत. तळटीपेत तुमच्या नावानं चालेल म्हणाल्या. तुमचं पत्र पुरवणीत जसंच्या तसं छापायची परवानगी द्या.

पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला करावी लागेल, आणि ती माझ्यासाठी दुसरं कुणी करू शकत नाही. इयोलेबाईंना हे छापील कागदावरून कळता कामा नये. त्यांनी माझ्या बोटाला धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं, आणि ते नेमकं तिसऱ्या ओळीतलं होतं. ते डी तुमचं होतं हे मला आता कळतंय. जत्रेच्या आत त्यांच्याकडे जाऊन या. मी यायला हवं होतं, पण बाई ऑगस्टभर आम्हाला उत्तरेत खोदकामावर नेत आहेत.

काकूला सांगा की तिच्या पत्रात मी एकही चूक काढली नाही. माझ्यावरचं प्रेम पूर्वीएवढंच ठेवा, महिनाभराची तूट मी भरून काढीन.

तुमची,
ओर्ते


रोक्कासाल्विया,
९ ऑगस्ट १९७९

चि. ओर्तेस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी इयोलेकडे गेलो. झेलिंदानं सदरा इस्त्री करून दिला, जसा काही मी मुलगी मागायला चाललोय. इयोलेनं कॉफी ठेवली. मी सगळं सांगितलं, मास्तरांचा शब्द मोडतोय हेही सांगितलं. माझं संपल्यावर तिनं माझ्या पुढचा कप उचलला, त्यात अजून कॉफी होती, आणि मोरीत नेऊन ठेवला. मी उठून आलो.

त्यानंतर चार आठवडे ती समोरून आली की चष्मा पुसायची. दुकानात मी शिरलो की तिची खरेदी संपायची. झेलिंदानं दोनदा भाजी नेऊन दिली, ती दारातूनच घेतली. मी म्हटलं, जाऊ दे, तिचा बाप आहे तो. मला तिचा राग आला नाही, फक्त फार वाईट वाटलं, एवढ्या वर्षांचं शेजारपण.

जत्रेच्या आदल्या दिवशी शेंदूर कालवला. पहिली ओळ भरली, दुसरी भरली. तिसरीपाशी आलो आणि ब्रश पाण्यात घातला. चौथी आणि पाचवी भरली. तिसरी तशीच ठेवली, कोरडी. पाद्री आले, म्हणाले की एवारिस्तो, एक ओळ राहिली. मी म्हटलं, ती रोमन नाही, माझी आहे. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तेच सांगितलं. लोहार म्हणाला, की गेली पंचेचाळीस वर्षं आम्ही तुझ्या अक्षरांपुढे टोप्या काढत होतो तर. मी म्हटलं, हो, आणि मी एकदाही आभार मानले नाहीत. तो हसला. सगळे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक चौकात आली, संताची मूर्ती कारंज्यापाशी टेकवली. वाचायची वेळ झाली तेव्हा मला खात्री होती की इयोले येणार नाही. ती आली. काळा पोशाख, मास्तरांची छत्री हातात, ऊन होतं तरी. दगडापुढे उभी राहिली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आपल्या भाषेत सांगितली. मग थांबली. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती.

मग ती तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, की इथं एका माणसाचं नाव होतं. ते आपल्याच लोकांनी कोरलं आणि आपल्याच लोकांनी पुसलं, कारण तसा हुकूम होता. सन एकोणीसशे तेहतीसमध्ये माझे वडील फिलिबेर्तो आणि एवारिस्तो पाथरवट यांनी ते परत लिहिलं, कारण तेव्हा तसा हुकूम होता. एवढं बोलून तिनं चौथी ओळ वाचली, आणि पाचवी, की त्यानं हे पाणी गावाला दिलं. मग दरवर्षीसारखी ओंजळभर पाणी प्यायली आणि बाजूला झाली. ओर्ते, मी इतक्या लोकांसमोर रडलो. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

ती माझ्याशी बोलली नाही, अजूनही बोललेली नाही. पण काल सकाळी दारात अंजिरांचं ताट होतं, वर तिच्या घरचं निळं फडकं. झेलिंदा म्हणाली, ताट रिकामं परत पाठवता येत नाही. तेव्हा ताटाबरोबर मला पाठवणार आहे, असं तिचं ठरलंय. मी जाईन.

पत्र छापायची परवानगी आहे. एकही शब्द बदलू नकोस, वेडंवाकडं अक्षर छापून येत नाही तेवढं बरं. छिन्नी तुझ्याकडेच ठेव. नोव्हेंबरात मी येतो. लग्नातला सूट काकूनं बाहेर काढून वाऱ्यावर टाकलाय, पोटाशी बसत नाही, पण बटण उघडं ठेवून चालेल. तुझ्या परीक्षकांना काही विचारायचं असलं तर मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. शाळेच्या दारावरचं कुऱ्हाडीचं पातंही दाखवीन, पण त्यासाठी त्यांना इथवर यावं लागेल.

तुझ्या पत्रातल्या त्या तीन उत्तरांत एके ठिकाणी मात्र तू चुकलीस, ते दुरुस्त करून मग छाप. म्हणून खाली नीट लिहून देतो. तुझ्यावर जीव आहे, हे यापुढे मी विचारायच्या आत सांगत जाईन.

सांगणारा: एवारिस्तो कोलासान्ते, पाथरवट, वय सदुसष्ट.
ठाऊक कसं: मी तिथं होतो.
फायदा: तू परत पत्र लिहायला लागलीस.